टक्के नंतर, आधी मजकूर वाच

पुण्यात शोधनियतकालिकाच्या संपादनाला कुणी नवं आलं की पहिला प्रश्न ठरलेला : लेखातला किती टक्के मजकूर दुसऱ्या लेखनाशी जुळला तर चालतं? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे खरं. पण आकडा म्हणजे निकाल नव्हे. साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल उघड आणि रंगवलेली वाक्यं एकेक करून मूळ लेखाशी ताडून बघ. 18 टक्के दिसले, पण ते सगळे प्रयोगपद्धतीच्या ठरावीक वाक्यांचे असले, तर तो भाग लेखकाकडून पुन्हा लिहून घे. उलट 6 टक्केच आहेत आणि चर्चेचा अख्खा परिच्छेद दुसऱ्याचा आहे, तर ती चोरीच.

मराठी लेखांत जास्त सावध राहा. इंग्रजी लेखाचं भाषांतर स्वतःच्या नावावर खपवलं असेल, तर सॉफ्टवेअर बहुधा गप्प बसतं. तिथे त्या विषयात मुरलेला वाचकच लागतो.

शंका आली म्हणून फोनवर आरोप करू नकोस. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून तक्ता कर आणि ईमेलने खुलासा माग. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर लेखकाच्या संस्थेला कळव. प्रकाशननीतीसाठीच्या ‘कोप’ समितीची पद्धतही हीच आहे. लेख छापून झाला असेल तर तो गुपचूप काढू नकोस. मागे घेतल्याची सूचना कारणासह छाप, मूळ लेखकाचा तो हक्क आहे.

विद्यार्थ्यांशी मात्र मायेने बोल. संदर्भ कसा द्यायचा, हे अनेकांना कुणी शिकवलेलंच नसतं.