डीएसएलआर विकून मिररलेस घेतल्यास खांद्यावरचे ओझे खरोखर कमी होते का?

तुमच्या प्रश्नात दोन शंका आहेत. फुल-फ्रेम डीएसएलआर (आत आरसा आणि मोठा सेन्सर असलेला कॅमेरा) आणि त्यासोबत २४-७० व ७०-२०० मिलिमीटरच्या, भरपूर प्रकाश आत घेणाऱ्या एफ २.८ झूम लेन्स वागवून खांदा दुखतो, तर आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यामुळे वजन खरोखर उतरेल का, ही पहिली; आणि हातात लहान कॅमेरा पाहून काम देणारे आपल्याला हौशी तर समजणार नाहीत ना, ही दुसरी. दुसऱ्या शंकेमुळेच मी लिहायला बसलो आहे, कारण एका ज्येष्ठ छायाचित्रकारांशी माझा याच मुद्द्यावर जुना वाद आहे.

मी मुख्यतः नाटकांची छायाचित्रे काढतो. एका नाटकाच्या शेवटच्या अंकात वडील मुलाचे पत्र उघडतात आणि बराच वेळ रंगमंचावर कोणीही काही बोलत नाही. रंगीत तालमीत पत्राची घडी उलगडताना नटाचा अंगठा कागदाच्या कडेवर किंचित थरथरत होता आणि मला नेमके तेच टिपायचे होते. मी बटण दाबले, तसा डीएसएलआरचा आरसा वर जाऊन खाली आला आणि त्या शांततेत त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला. नटाने मान वर केली, तालीम थांबली आणि या प्रवेशात छायाचित्रे काढू नका, असे दिग्दर्शकांनी मला सौम्यपणे पण स्पष्टपणे सांगितले. कॅमेऱ्यात आवाज कमी करणारा क्वाएट मोड लावलेलाच होता. पण त्याने आरशाची हालचाल फक्त संथ होते, आरसा हलायचा काही थांबत नाही.

पुढे मी मिररलेस घेतला तेव्हा हे ज्येष्ठ म्हणाले, “हे खेळणे आहे. वजन असले की हात स्थिर राहतो आणि समोरच्यावर छापही पडते.” त्याच नाटकाच्या नंतरच्या प्रयोगात इलेक्ट्रॉनिक शटरवर, म्हणजे कोणताही भाग न हलता सेन्सरनेच छायाचित्र टिपणाऱ्या पद्धतीवर, मी तो संपूर्ण प्रवेश टिपला आणि शेजारी बसलेल्या दिग्दर्शकांना त्याचा पत्ताही लागला नाही. शिवाय काळ्या पडद्यासमोर एकाच स्पॉटच्या उजेडात उभ्या असलेल्या नटाचा चेहरा पांढराफटक पडणार आहे, हे बटण दाबण्यापूर्वीच मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या छोट्या पडद्यावर, दिसते. डीएसएलआरच्या काचेतून रंगमंच दिसतो, येणारे छायाचित्र दिसत नाही. वजन जराही उतरले नसते, तरी एवढ्यासाठी मी हा बदल केला असता.

आता वजनाविषयी. निकॉनचा डी७५० हा डीएसएलआर बॅटरीसह सुमारे ८४० ग्रॅमचा, तर झेड६ हा मिररलेस सुमारे ६७५ ग्रॅमचा आहे. म्हणजे बॉडीत, लेन्सविना नुसत्या कॅमेऱ्यात, फार मोठी बचत नाही. खरे ओझे लेन्सचे असते. कॅननच्या डीएसएलआरसाठीच्या ईएफ ७०-२०० एफ २.८ ची तिसरी आवृत्ती १४८० ग्रॅमची होती, ती मिररलेससाठीच्या आरएफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बसवायची कडी) १०७० ग्रॅमवर आली. याउलट २४-७० मात्र ८०५ वरून ९०० ग्रॅमवर गेली, कारण नव्या लेन्समध्ये हाताची थरथर सावरणारे स्टॅबिलायझेशनही आहे. आरसा गेल्यामुळे माउंट ते सेन्सर हे अंतर ४४ मिलिमीटरवरून २० वर आले, परंतु फुल-फ्रेमच्या ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर एफ २.८ चा प्रकाश पोहोचवणाऱ्या काचा त्यामुळे लहान होत नाहीत. वजन मनापासून उतरवायचे असेल तर कमी प्रकाश घेणाऱ्या एफ ४ च्या लेन्स घ्या किंवा सेन्सरच लहान करा. मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची ऑलिंपसची १२-४० एफ २.८ लेन्स ३८२ ग्रॅमची आहे आणि तिचा दृश्यकोन फुल-फ्रेमवरील २४-८० इतका असतो. मात्र कमी उजेडात नॉइज (छायाचित्रातले दाणे) वाढतो आणि पार्श्वभूमी तितकी धूसर होत नाही.

काही अडचणीही सांगायला हव्यात. प्रमाणित चाचणीत डी७५० एका चार्जमध्ये १२३० छायाचित्रे काढतो, झेड६ केवळ ३१०. प्रत्यक्षात आकडा बराच वर जातो, तरी जादा बॅटऱ्या लागतातच. इलेक्ट्रॉनिक शटरवर काही एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे उमटतात आणि वेगवान हालचाल वाकडी दिसते, म्हणून प्रयोगाआधी दिव्यांखाली चाचणी घ्यावी. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स, जुन्या लेन्स मिररलेसवर बसवणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरवर बसतात, पण ऑटोफोकस करत नाहीत.

म्हणून सगळे एकदम विकू नका. आधी फक्त बॉडी बदला, लेन्स अॅडॉप्टरवर वापरा आणि मग जी लेन्स पिशवीतून क्वचितच बाहेर निघते तीच प्रथम विका. आणि वजनाने हात स्थिर राहतो असे कोणी सांगितलेच, तर ऑलिंपसने २०१२ मध्ये ई-एम५ या मिररलेसमध्ये पाच अक्षांचे सेन्सर स्टॅबिलायझेशन, म्हणजे सेन्सरच हलवून थरथर सावरणारी सोय, आणले, हे त्यांना सांगा. हाताच्या थरथरीचा बंदोबस्त आता सेन्सर करतो, आणि काम देणारे छायाचित्रे पाहतात. कॅमेऱ्याचा आकार विचारणारा त्यांच्यापैकी मला तरी कोणी भेटलेला नाही.