सही त्याची असेल, कागद तुझे आहेत

प्रिय मुली,

फोनवर तू नवऱ्याचं एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होतीस, "तो म्हणतो, मी सही केली नाही तर तुला परत जावं लागेल." मी विचारलं, ग्रीन कार्डावर तारीख कोणती आहे? तू म्हणालीस, कार्ड त्याच्याकडे असतं. पासपोर्ट? तोही त्याच्याच कपाटात. टॅक्स रिटर्नवर सही करताना वाचलंस का? "ते सगळं तोच बघतो, मावशी." पुण्यात ऑडिटच्या फर्ममध्ये लोकांचे हिशेब तपासणारी तू, व्हाउचरवर सही नसेल तर साहेबाला परत पाठवणारी तू! इथे अमेरिकेत येऊन वर्ष-दीड वर्षात स्वतःच्या आयुष्याचा एक कागदही तुझ्याजवळ नाही?

रागावले आहे, पण तुझ्यावरच असं नाही. या देशात आलेल्या आपल्या कितीतरी मुली मी अशाच बघितल्या. म्हणून एकच गोष्ट सांगते आणि या पत्रात ती परत परत सांगणार आहे. आपले कागद आपल्या हाताशी असले पाहिजेत. नवरा चांगला असो, वाईट असो, मधला असो.

आधी तुझा गोंधळ सोडवू. "माझं ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं का, नणंदेचं तर दहा वर्षांचं आहे" असं तू विचारलंस. यात तुझी फसवणूक झालेली नाही. ज्या दिवशी तुला इथलं कायम वास्तव्य मिळालं त्या दिवशी तुमच्या लग्नाला दोन वर्षं झालेली नव्हती, इतकंच. मुंबईला बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत होऊन व्हिसा मिळाला तरी हे वास्तव्य सुरू होतं विमानतळावर शिक्का बसतो त्या दिवशी. त्या दिवशी लग्न दोन वर्षांच्या आतलं असेल तर कार्ड सशर्त, म्हणजे कंडिशनल. कार्डावर 'सीआर१' लिहिलेलं असेल, बघ. तुझी नणंद लग्नानंतर तीन वर्षांनी आली, म्हणून तिचं 'आयआर१', दहा वर्षांचं.

सशर्त म्हणजे अर्धवट नव्हे. नोकरी, प्रवास, परत येणं, बँकेत खातं, सगळे हक्क दहा वर्षांच्या कार्डासारखेच. हा दोन वर्षांचा काळ पुढे नागरिकत्वासाठीही मोजला जातो. फरक एवढाच की दोन वर्षं संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ नावाचा अर्ज करून ती अट काढून घ्यावी लागते. नवरा-बायको मिळून करायचा अर्ज त्या ९० दिवसांच्या आधी पाठवलास तर परत येतो. पाठवलाच नाहीस तर दर्जा आपोआप संपतो आणि प्रकरण इमिग्रेशन कोर्टाकडे जाऊ शकतं. तारीख लक्षात ठेवणं तुझं काम आहे, सरकार आठवण करून देईल या भरवशावर बसू नकोस. अर्ज वेळेत पोचला की पावती येते, आणि २०२३ पासून ती पावती जुन्या कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढवते. निकालाला वेळ लागतो म्हणूनच ही सोय आहे. कार्डावरची तारीख उलटली तरी पावती हातात असेल तर घाबरायचं कारण नाही. पण पावती हातात असेल तर! ती त्याच्या नावाच्या पोस्टपेटीत पडून राहिली तर काय उपयोग?

आता त्या सहीबद्दल. एकत्र अर्जावर दोघांच्या सह्या लागतात, हे त्याचं म्हणणं खरं आहे. त्याने सही केली नाही म्हणून तुझं कार्ड रद्द होतं, हे साफ खोटं. नवऱ्याला कार्ड रद्द करता येत नाही. तो फार तर एकत्र अर्जातून अंग काढून घेऊ शकतो. अर्ज वेळेत केलेला असला की तुझा दर्जा काढायचा तर सरकारला काढावा लागतो, आणि तिथेही तुला न्यायाधीशापुढे बोलायचा हक्क असतो.

कायद्यात एकटीने अर्ज करायच्या वाटा आहेत. लग्न खऱ्या मनाने केलं होतं पण घटस्फोट झाला, ही एक. लग्न खऱ्या मनाने केलं आणि नवऱ्याने मारहाण किंवा अतिशय क्रूर वागणूक केली, ही दुसरी, आणि तिला घटस्फोटाची वाट बघावी लागत नाही. परत पाठवल्यास पराकोटीचे हाल होतील, ही तिसरी. या अर्जांना ९० दिवसांची चौकट नाही, ते आधीही करता येतात, नंतरही. नवरा वारला असेल तरी एकटीने अर्ज करता येतो. त्याबद्दल पुढे लिहिते.

या वाटा आपोआप तयार झाल्या नाहीत. दोन वर्षांची ही अट आली १९८६ साली, खोटी लग्नं रोखायला. त्या पहिल्या कायद्यात घटस्फोट झालेल्या बाईला सवलत हवी असेल तर घटस्फोट तिनेच घेतलेला असावा लागे आणि त्याला सबळ कारण दाखवावं लागे. नवऱ्याने आधी अर्ज टाकला की ती अडकलीच. आणि मार खाणाऱ्या बाईसाठी तर वेगळी वाट नव्हतीच. सहीसाठी बायका मार खात घरात राहत होत्या. १९९० साली कायदा बदलला, 'तिनेच घेतलेला' आणि 'सबळ कारण' हे दोन्ही गेलं, आणि छळ झालेल्यांसाठी वेगळी वाट आली. तुझा नवरा तुला ज्या सहीची भीती घालतो तिची धार तुझ्या जन्माच्या आधीच बोथट झालेली आहे. हे त्याला माहीत नसेल. तुला माहीत असायला हवं.

धमक्या देणं 'क्रूर वागणूक' या शब्दांत बसतं का, असं तू दबक्या आवाजात विचारलंस. इमिग्रेशनची भीती घालणं, कागद दडवणं, पैसे अडवणं हे सगळं तिथे विचारात घेतलं जातं. बाकी काय काय घडलं ते तू मला सांगितलं नाहीस आणि मी विचारणारही नाही. वकिलाला सांग. आणि या वाटेने केलेल्या अर्जाची माहिती इमिग्रेशन खात्याने नवऱ्याला द्यायची नाही, असा कायदा आहे. त्याला कळेल या भीतीने थांबू नकोस.

तुझी आई मला म्हणाली, "तिला काही सांगू नकोस गं, दोन वर्षं तेवढी काढू दे, मग बघू." मंडळातल्या बायकाही माझ्याबद्दल असंच बोलतात, ही एकटी राहिलेली बाई दुसऱ्यांच्या संसारात काड्या घालते म्हणून. बोलू देत. मी आजवर कुणाला नवरा सोड असं सांगितलेलं नाही. तुलाही सांगत नाही. राहायचं की निघायचं ते तू ठरव, आणि ते सहीच्या भीतीने ठरू नये इतकाच माझा हट्ट आहे. ज्या मुलीच्या पर्समध्ये तिचं कार्ड आहे ती राहिली तर स्वतःच्या इच्छेने राहते. यात संसार मोडण्यासारखं काय आहे ते मला अजून कुणी समजावलेलं नाही.

हा हट्ट कुठून आला ते तुझ्या आईला ठाऊक आहे, तुला नसेल. मी आले नव्वदच्या दशकात, माझंही कार्ड दोन वर्षांचंच होतं. माझा नवरा देवमाणूस होता. मला मराठी पुस्तकं वाचायला वेळ मिळावा म्हणून बिलांपासून बँकेपर्यंत सगळं तो हौसेने करायचा. पहिलं वर्ष सरलं आणि एका सकाळी ऑफिसला निघालेला तो रस्त्यातच गेला. हृदय बंद पडलं. तेरावा व्हायच्या आत मला कळलं की भाड्याच्या करारावर माझं नाव नाही, गॅसच्या बिलावर नाही, आणि त्याच्या ऑफिसातल्या विम्यावर वारस म्हणून त्याच्या आईचं नाव आहे, कारण नोकरीला लागला तेव्हा तो अविवाहित होता आणि पुढे कुणी ते बदललंच नाही. त्याने माझ्यावर प्रेम केलं यात मला कधी शंका आली नाही. पण परक्या देशातल्या अधिकाऱ्याला तो संसार खरा होता हे सांगायला मला कागद शोधत फिरावं लागलं, आणि तेही रडू आवरत. लग्नाचं प्रमाणपत्र, मृत्यूचा दाखला, दोघांच्या नावाची आलेली पत्रं, शेजारच्या बाईने लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र. अर्ज मंजूर झाला. तो जिवंत असताना एखाद्या रविवारी त्याच्याजवळ बसून "हे कुठे ठेवतोस, ते कशाला लागतं" असं विचारायचं राहून गेलं, याची रुखरुख मात्र आजही आहे. त्याने किती आनंदाने सांगितलं असतं!

म्हणून म्हणते, हा प्रश्न नवरा चांगला की वाईट याचा नाहीच.

आता कामाला लाग. कार्ड आधी. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाने आपलं ग्रीन कार्ड सतत जवळ बाळगलं पाहिजे असा इथला कायदा आहे. तेव्हा "माझं कार्ड माझ्याजवळ लागतं, कायद्याने लागतं" एवढंच त्याला शांतपणे सांग. वाद घालू नकोस. दिलं तर दोन्ही बाजूंचा फोटो काढून तुझ्या एकटीच्या ईमेलवर ठेव. नाहीच दिलं तर नवीन कार्डासाठी अर्ज करता येतो, पासपोर्टचं ह्यूस्टनच्या भारतीय वकिलातीत विचारता येतं. मागताना तुला भीती वाटत असेल तर मागूच नकोस, आधी बाहेरची मदत घे. तुमच्या टेक्सासात डॅलसमध्ये 'चेतना' आहे, ह्यूस्टनला 'दया' आहे, दोन्ही संस्था आपल्याकडच्या बायकांसाठीच काम करतात.

मग पुरावे. लग्न खरं होतं हे दाखवणारं जे जे असेल ते. जॉइंट टॅक्स रिटर्नवर तुझी सही आहे, म्हणजे तो तुझाही कागद आहे. त्याची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गोषवारा, आयआरएसकडून (इथल्या आयकर खात्याकडून) तुझी तुला फुकट मिळते, नवऱ्याला विचारावं लागत नाही. लीजवर नाव असेल तर अपार्टमेंटच्या ऑफिसातून प्रत घे. बँकेची स्टेटमेंटं, आरोग्य विम्याचं कार्ड, गाडीचा विमा, एकत्र केलेल्या प्रवासाची तिकिटं, लग्नाचे आणि नंतरचेही फोटो. साताऱ्याच्या लग्नातले तीनशे फोटो कुणाला नको आहेत, पण इथल्या दिवाळीतले, त्याच्या मित्रांबरोबरचे चार फोटो कामाचे आहेत. तुमचा संसार डोळ्यांनी बघितलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रंही कामाला येतात. त्यातली एक मी नाही होऊ शकत, मी तुमच्या घरी कधी आलेच नाही.

कुणीतरी तुला सुचवलंय ना, "त्याची सही तूच कर, कोण बघतंय"? पुन्हा हा विचारही मनात आणू नकोस. तुझं लग्न खरं आहे, हीच तुझ्याजवळची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. खोटी सही केलीस तर तिच्यावरच सावली पडेल. लग्नच खोटं होतं असा शिक्का एकदा बसला तर पुढे कुणाच्याही अर्जावर इथे येता येत नाही.

सासरे पुण्याहून परस्परसंमतीच्या घटस्फोटाचे कागद पाठवणार आहेत म्हणालीस. वाचल्याशिवाय, आणि इथल्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही. घटस्फोट टेक्सासमध्ये घ्यायचा की पुण्यात, आधी कुणी टाकायचा, पोटगीचं काय, हे सगळं तुझ्या अर्जाशी जोडलेलं आहे. टेक्सासमध्ये अर्ज टाकल्यापासून किमान ६० दिवस थांबावं लागतं, हिंदू विवाह कायद्याच्या १३-ब कलमाखाली मुळात एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. आणि लक्षात ठेव, तुला आणताना त्याने आय-८६४ नावाच्या फॉर्मवर सही करून तुझ्या पोटापाण्याची हमी सरकारला दिलेली आहे. ती घटस्फोटाने संपत नाही.

"महिनाभर घरी जाऊन ये, डोकं शांत होईल" असं तो म्हणतोय. कार्ड आणि पासपोर्ट तुझ्या स्वतःच्या पर्समध्ये आणि परतीचं तिकीट तुझ्या ईमेलवर असल्याशिवाय विमानात पाय ठेवू नकोस. नवऱ्याने माहेरी पोचवून कागद घेऊन एकट्याने परत येणं इतकं सर्रास झालं की दिल्लीतल्या राष्ट्रीय महिला आयोगाला २००९ पासून अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठी वेगळा कक्ष चालवावा लागतो आहे.

वकील इमिग्रेशनचा हवा, आणि तुझा हवा. नवऱ्याच्या मित्राचा, सासऱ्यांच्या ओळखीचा, देवळात भेटलेला 'फॉर्म भरून देणारे काका' अजिबात नको. फीचे पैसे नसतील तर संस्थांकडून मिळतो. इमिग्रेशन खात्याची पत्रं यायला स्वतंत्र पोस्टाचा पत्ता अर्जात देता येतो, तो माझा दे. घर बदललंस तर दहा दिवसांत खात्याला कळव.

नागरिकत्वाचं इतक्यात डोक्यात घेऊ नकोस. अमेरिकन नवऱ्याबरोबर राहत असशील तर तीन वर्षांनी, नाहीतर सहसा पाच वर्षांनी. दोन वर्षं इकडे-तिकडे, त्यासाठी काही सहन करत बसण्याची गरज नाही.

शनिवारी तो क्रिकेटला जातो तेव्हा मला फोन कर. विमानतळावरचा शिक्का कोणत्या तारखेचा आहे ते कळलं की मी कॅलेंडर घेऊन बसते, ९० दिवस मागे मोजू. तुझ्या आईशी मी बोलेन, तू त्यात पडू नकोस.

तुझी,
एडिसनची मावशी