ट्रिप्टेजचा रिपोर्ट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मांड्यांवर तपकिरी डाग आहेत, चोळले की फुगतात. ट्रिप्टेज ३४ आलंय. आजार किती पुढे गेलाय?

ट्रिप्टेज म्हणजे मास्ट पेशींतून (अ‍ॅलर्जीत भाग घेणाऱ्या पेशी) रक्तात येणारं एक विकर. या एका आकड्यावरून ते सांगता येणार नाही, आणि रिपोर्ट हातात घेऊन रात्र जागवावी असंही त्यात काही नाही. ट्रिप्टेज २०च्या (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) वर असणं हा सिस्टेमिक मास्टोसायटोसिसच्या, म्हणजे अंगात मास्ट पेशी प्रमाणाबाहेर साठण्याच्या आजाराच्या, निदानातला केवळ एक गौण निकष आहे. निदान पक्कं होतं ते अस्थिमज्जेच्या तपासणीनं. अंगात मास्ट पेशी साधारण किती साठल्या आहेत, एवढंच ट्रिप्टेज सांगतं. त्रास किती होईल ते नाही. १५ असलेल्याला गांधीलमाशी चावून जिवावर बेतू शकतं, तर १५० असलेला रोजचं काम नीट करत असतो.

गांभीर्य पाहायचं तर मी आधी साध्या तपासण्या बघतो. या पेशींनी मज्जा व्यापल्यामुळे हिमोग्लोबिन १०च्या किंवा प्लेटलेट १ लाखाच्या खाली गेले, तर आजार आक्रमक झाल्याची शंका येते. अल्कलाइन फॉस्फटेज (यकृत-हाडांतलं विकर) वाढणं आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) उतरणं हीसुद्धा चांगली लक्षणं नव्हेत. या आजारात बहुतेकदा सापडणाऱ्या, किट जनुकातल्या डी८१६व्ही या बदलाचं रक्तातलं प्रमाणही मोजून घ्या. १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पेशींचा भार मोठा आहे असं धरतात.

प्रश्न : अंगावर गांधी उठून शुद्ध हरपली. तिसऱ्या दिवशी ट्रिप्टेज ६ निघालं. म्हणजे मास्ट पेशींचा संबंध नाही ना?

असं म्हणता येत नाही. रक्त उशिरा घेतलं गेलं. झटका आल्यापासून चार तासांच्या आत, शक्यतो एक-दोन तासांत नमुना हवा. तुमचं ६ ही मात्र मूळ पातळी म्हणून जपून ठेवा. मूळ पातळीला १.२ने गुणून त्यात २ मिळवा : ९.२. झटक्यात आकडा एवढा किंवा याहून वर गेला, तर ती खरी वाढ. पुढच्या झटक्यात १० आलं, तर लॅब ११.४ची मर्यादा धरून 'नॉर्मल' छापेल, पण तुमच्यासाठी ती खरी वाढ असेल. हा हिशेब कागदावर लिहून औषधांच्या पिशवीतच ठेवा, तातडीच्या विभागात तो कुणाला तोंडपाठ असेलच असं नाही. अन्नाच्या अ‍ॅलर्जीत मात्र ट्रिप्टेज पुष्कळदा वाढतच नाही.

प्रश्न : आई, भाऊ आणि मी, तिघांचंही १२ ते १५ आहे. कर्करोग असेल का?

घरातच चालत आलेली पातळी दिसते. टीपीएसएबी१ जनुकाच्या जादा प्रती असल्या की ट्रिप्टेज जन्मापासूनच जास्त राहतं. हा कर्करोग नाही. जनुक तपासणी करा, आणि मूत्रपिंडाचीही. ते बिघडलं तरी हा आकडा चढतो.