टब काढून शॉवर करायचा? आधी खालची जमीन पाहा

प्रश्न : टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोजवळ आम्ही १९९२ साली बांधलेले डबल-वाइड मोबाइल होम (कारखान्यात बांधून दोन भागांत आणून जोडलेले घर) घेतले आहे. दोन बाथरूम आहेत, दोन्हीकडे टब. दिवाळीनंतर सासू-सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येतील. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि दोघांनाही बादली-तांब्याच्या आंघोळीची सवय आहे. मुलगा तीन वर्षांचा आहे. टब काढून शॉवर बसवावा, की नवा मोठा टब घ्यावा? दुकानात ६० इंची टब स्वस्तात मिळतो आहे.

उत्तर : सासू-सासरे वापरतील त्या बाथरूममधला टब काढा आणि तिथे कमी उंबऱ्याचा शॉवर करा. दुसरा टब मुलासाठी राहू द्या. एवढ्या लहान मुलाला टबमध्ये बसवून न्हाऊ घालणे सोपे पडते, आणि पुढे घर विकायला काढाल तेव्हा लेकुरवाळे गिऱ्हाईक टब आहे का ते विचारतेच. ६० इंची टब मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नका.

तुमचा सध्याचा टब टेपने मोजा. बहुतेक ५४ बाय २७ इंच भरेल. नेहमीच्या घरांतला टब ६० बाय ३० असतो; ते सहा इंच तुम्ही कुठल्या भिंतीतून काढणार? शिवाय अशा घरांत बाथरूमचा दरवाजा पुष्कळदा २४ इंचांचाच असतो आणि भिंतींसह आलेले अखंड युनिट कारखान्यात भिंती उभ्या राहण्याआधीच ठेवलेले असते. म्हणून जुना टब रेसिप्रोकेटिंग (पाते पुढेमागे चालणाऱ्या विजेच्या) करवतीने कापून तुकड्यांनीच बाहेर काढावा लागतो. फायबरग्लासची भुकटी फार वाईट, तेव्हा चांगला मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. नवे घेताना ५४ बाय २७ चा शॉवर पॅन, म्हणजे शॉवरखालचा उथळ तळ, आणि तीन तुकड्यांच्या भिंती घ्या.

आता वजनाचे. जून १९७६ पासून ही घरे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याच्या, म्हणजे ‘हड’च्या (HUD) नियमांप्रमाणे बांधली जातात. त्यात जमीन दर चौरस फुटाला ४० पौंड भार पेलेल अशी धरलेली असते. टबाखालची जागा सुमारे १० चौरस फूट, म्हणजे हिशेब ४०० पौंडांचा. ओतीव लोखंडाचा टब रिकामाच ३०० पौंडांच्या आसपास जातो, त्यात ३० गॅलन पाणी म्हणजे आणखी २५० पौंड, आणि आंघोळ करणारा माणूस वेगळाच. टब घ्यायची वेळ आलीच तर फायबरग्लास किंवा अ‍ॅक्रिलिकचाच घ्या.

गरम पाण्याचाही हिशेब करा. अशा घरांत वॉटर हीटर बहुधा ३० किंवा ४० गॅलनचा असतो, आणि ३० गॅलनच्या टाकीतून एका दमात जेमतेम २० गॅलन खरोखर गरम पाणी मिळते. ५० गॅलनचा ऐसपैस गार्डन टब १०४ अंश फॅरनहाइट पाण्याने भरायचा तर १२० अंशांचे ३६ गॅलन पाणी लागेल. टब पुरता भरायच्या आतच पाणी कोमट होऊन जाईल. मिनिटाला २.५ गॅलनच्या शॉवरला दहा मिनिटांत २५ गॅलन लागतात, आणि २० लिटरच्या दोन बादल्या म्हणजे साडेदहा गॅलन. सासूबाईंची सवय हीटरला सगळ्यांत सोयीची आहे!

पण ही सवय जमिनीला सोसत नाही. साताऱ्याच्या मोरीत पाणी कुठेही सांडले तरी उताराने जाळीकडे जाते. तुमच्या बाथरूमच्या जमिनीला उतार नाही आणि जाळीही नाही. वर व्हिनाइलचा पातळ थर आणि त्याखाली पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेला तक्ता. कडेने पाणी मुरले की तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगतो आणि वाळल्यावरही पुन्हा घट्ट होत नाही. तेव्हा बादली, तांब्या, बसायचे स्टूल सगळे पॅनच्या आतच. हे दोघांना आल्या दिवशीच नीट समजावून सांगा. ५४ बाय २७ मध्ये स्टूल आणि बादली दोन्ही मावतात. स्टूल १७-१८ इंच उंच आणि रबरी पायांचे घ्या. पाट नको, दुखऱ्या गुडघ्यांनी त्यावरून उठवत नाही. सध्या त्यांना टबची १४-१५ इंच उंच कड ओलांडावी लागली असती, पॅनचा उंबरा तीन-चार इंचांचाच असतो.

प्लंबरला नुसता शॉवरचा नाही, टब आणि शॉवर दोन्हीचा व्हॉल्व्ह मागा आणि खालच्या नळाचे तोंड पॅनपासून १८ इंचांवर ठेवायला सांगा. म्हणजे त्याखाली बादली सरळ उभी राहते. व्हॉल्व्ह प्रेशर-बॅलन्स प्रकारचा हवा, नाहीतर कोणी कमोड फ्लश केला की अंगावर एकदम चटका बसतो. जोडीला ७२ इंच नळीचा हँड शॉवर लावा.

धरायच्या दांड्या भिंत उघडी असतानाच बसवायची तयारी करा. आतल्या भिंती व्हिनाइल चिकटवलेल्या जिप्समच्या, पाव इंचाहून थोड्याच जाड असतात. त्यात स्क्रू आणि प्लग मारून लावलेली दांडी माणसाने भार टाकला की भिंतीसकट हातात येते. भिंतीतल्या दोन उभ्या लाकडांच्या मध्ये २ बाय ८ इंची आडवी फळी ठोका, दांडी पॅनपासून ३३ ते ३६ इंचांवर येईल अशा बेताने. हवेच्या दाबाने चिकटणाऱ्या दांड्या या कामाच्या नाहीत.

निचऱ्याचे भोक सध्या ज्या टोकाला आहे त्याच टोकाला असलेला पॅन मागवा. मध्यभागी भोक असलेला पॅन घेतला तर ते नेमके तुळईवर येऊ शकते, आणि पाइपासाठी तुळई कापणे म्हणजे नवे दुखणे विकत घेणे. टबचा पाइप बहुधा दीड इंची असतो आणि शॉवरसाठी पुष्कळ ठिकाणी दोन इंची मागतात. काम सुरू करण्याआधी परवान्यासोबत हेही स्थानिक कार्यालयात विचारून घ्या. जुना काळा पाइप एबीएस प्लॅस्टिकचा असेल आणि नवा पांढरा पीव्हीसी जोडायचा असेल, तर त्या जोडासाठीचे हिरवे ट्रान्झिशन सिमेंट किंवा पट्ट्यांनी आवळायचे कपलिंग वापरा. साधे पीव्हीसी सिमेंट तिथे भरवशाचे नाही. १९९२ च्या घरात पाण्याचे पाइप करड्या रंगाचे पॉलिब्युटिलीनचे असण्याची दाट शक्यता आहे. ते ठिसूळ होऊन आतून चिरतात, जोडांपाशी तर हमखास. भिंत उघडली आहे तोवर तिथले सगळे पाइप बदलून पेक्सचे (लवचिक प्लॅस्टिकचे) टाका.

पॅन ठेवण्याआधी घर समतल आहे का ते पाहा. घर खांबांवर उभे असते आणि खांब खचतात. चार फुटी लेव्हल चारही बाजूंना लावा. फरक दिसला तर आधी घराखालचे खांब नीट करून घ्या, नाहीतर पाणी निचऱ्याकडे न जाता एका कोपऱ्यात साचेल. पॅनखाली पोकळी राहिली तर पाय टाकताच तो दबतो आणि काही महिन्यांत भोकाभोवती तडा जातो. उत्पादकाने सांगितले असेल तर मॉर्टरच्या थरावरच बसवा. शेवटी भोक बंद करून उंबऱ्याच्या थोडे खालपर्यंत पाणी भरा, २४ तास ठेवा आणि मग घराखाली बॅटरी घेऊन पाहा. घराच्या पोटाला खालून ताणून लावलेले काळे आवरण फुगलेले किंवा ओले दिसले तर भिंती चढवू नका.

प्रश्न : आमच्याही मोबाइल होममध्ये टबाशेजारी, नळाच्या बाजूला, जमीन पायाखाली दबते. वरून टाइल लावून चालेल का?

उत्तर : चालणार नाही. टाइल कडक असते, खालचा तक्ता हलला की ती सुटते आणि गळती आणखी झाकली जाते. आधी गळती शोधा : नळामागची भिंत, ओव्हरफ्लोची, म्हणजे टबमधले जादा पाणी जायच्या भोकाची वायसर आणि टबच्या कडेचे सिलिकॉन, याच क्रमाने. मग मऊ भाग कापत तुळईच्या मध्यापर्यंत जा, म्हणजे नव्या तुकड्याला टेकायला लाकूड मिळेल. कडेला आधार नसेल तिथे तुळयांच्या मध्ये २ बाय ६ चे तुकडे ठोका. बसवायचे ते बाहेरच्या वापराच्या गोंदाचे ३/४ इंची प्लायवुड, पुन्हा पार्टिकल बोर्ड नाही. जुन्या तक्त्याची जाडी मोजून घ्या, कमी असेल तर पातळी जुळवा. ओला इन्सुलेशनचा कापूस फेकून द्या. टबच्या कडेला सिलिकॉन भरताना टब पाण्याने भरून ठेवा आणि सुकेपर्यंत पाणी सोडू नका. रिकाम्या टबला लावलेले सिलिकॉन टब भरून खाली दबला की फाटते.

प्रश्न : मुळशीजवळ शेतावर २० फुटी कंटेनरमध्ये खोली करतो आहोत. छपरावर टाकी आणि १५ लिटरचा गीझर असेल. टब बसवता येईल का?

उत्तर : जागा होईल, पाणी पुरणार नाही. १५ लिटरच्या गीझरमधले ६० अंश सेल्सिअसचे पाणी २५ अंशांच्या पाण्यात मिसळले की ४० अंशांचे फार तर ३५ लिटर मिळते. टबला १५० लिटर लागतात. रेन शॉवरही नको. टाकी शॉवरच्या दोन मीटर वर असली तरी दाब ०.२ बारच, तो नुसता ठिबकेल. साधा नळ, बादली आणि एकसंध फायबरग्लासचा तळ करा. कंटेनर उचलताना किंचित पिळतो, त्यामुळे प्लायवर थेट लावलेल्या टाइलच्या सांध्यांना तडे जातात. तळ १५ सेंटिमीटर उचललात तर सायफन (निचऱ्याखालचा पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) वरच मावतो, खालच्या पोलादी पट्ट्या कापाव्या लागत नाहीत, आणि साधारण २.३९ मीटर उंचीतून २.२४ मीटर उरतात. पाइपाला मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार द्या आणि कंटेनरबाहेर पडतो तिथे उघडता येणारा रबरी जोड ठेवा.