दुसरीतल्या मुलासाठी टाकाऊ वस्तूंपासून घरी काय बनवता येईल? सामान कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की सोमवारी शाळेत द्यायचंय, दिसायला छान हवं, बक्षीस मिळेल असं हवं आणि सामान कुठल्या दुकानात मिळेल तेही सांगा. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. टाकाऊपासून टिकाऊ म्हणायचं आणि आइस्क्रीमच्या काड्यांचं नवं पाकीट, रंगीत फोम शीट, चमकी, ग्लू गन असं सगळं विकत आणायचं, हे मला अजिबात पटत नाही. यावरून माझं आमच्या मोठ्या जाऊबाईंशी चांगलंच वाजलंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

माझी लेक तिसरीत असताना शाळेनं असंच प्रदर्शन ठेवलं होतं. माझी आई तेव्हा चोपड्याहून आमच्याकडे नाशिकला आलेली. आमच्या खानदेशात बायका उन्हाळ्यात रद्दीच्या लगद्याच्या टोपल्या करायच्या. पापड-कुरडया झाल्या की टोपल्या. माझ्या लहानपणी घरात लसूण, सुपाऱ्या, वाती, शिवणाचं सामान सगळं त्या टोपल्यांत असायचं. आई म्हणाली, पोरीला तेच शिकवते.

ते कसं करतात ते नीट सांगते, कारण हल्ली कोणी करताना दिसत नाही. वर्तमानपत्र कापायचं नाही, हातानं फाडायचं, बोटभर तुकडे. फाडलेल्या कडेला तंतू मोकळे होतात आणि कागद लवकर भिजतो. मासिकांचा गुळगुळीत कागद घ्यायचा नाही, त्याच्यावर लेप असतो, लगदा धड होत नाही. तुकडे बादलीत भिजत घालायचे आणि पाणी रोज बदलायचं. कागद बोटांत चुरडला की विरघळल्यासारखा व्हायला लागला म्हणजे झालं. मूठभर मेथ्या रात्री वेगळ्या भिजवायच्या. सकाळी त्या बुळबुळीत होतात. तो बुळबुळीतपणाच डिंकाचं काम करतो, शिवाय मेथीच्या कडूपणानं टोपलीला कीड लागत नाही असं आई सांगायची. कागद पिळून घ्यायचा आणि मेथ्यांबरोबर वाटायचा. पूर्वी उखळात कांडायचे, आम्ही पाट्यावर वाटला. घट्ट मळलेल्या कणकेसारखा गोळा झाला पाहिजे. त्यात थोडी मुलतानी माती घातली की पृष्ठभाग गुळगुळीत येतो.

मग पातेलं पालथं घालायचं, त्यावर ओलं फडकं पसरायचं आणि खालच्या काठापासून वर लगदा थापत जायचं. लेकीनं थापलेली बाजू जाड आणि उंचसखल झाली होती, आजीची बाजू एकसारखी. आजीनं तिच्या बाजूला हातसुद्धा लावला नाही. "तिची बाजू तिची," म्हणाली. पहिला दिवस सावलीत वाळवायचं, नंतर उन्हात. एकदम कडक उन्हात ठेवलं तर काठ आकसून तडा जातो. वरचा भाग कोरडा वाजायला लागला की पातेल्यावरून अलगद काढायची, फडकं सोलायचं आणि आतली बाजू उन्हाला द्यायची. लेकीनं वरून गेरू लावला आणि खडूची पूड खळीत कालवून काडीनं ठिपके काढले. खळ म्हणजे आपली मैदा शिजवून केलेली, कंदिलाला लावतो ती. एक रुपयाचं काही आणलं नव्हतं, गेरूसुद्धा तुळशीवृंदावनाला आणलेला घरातच होता.

प्रदर्शनात टोपली कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवली होती. पहिलं बक्षीस थर्माकोलच्या बंगल्याला. बंगल्याला हिरवळ, कुंपण, दिवेसुद्धा. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि हे प्रदर्शन त्यानंतरचं. बाई मला म्हणाल्या, "कल्पना छान आहे हो, पण फिनिशिंग हवं होतं." मी तिथल्या तिथे विचारलं, आठ वर्षांच्या मुलीच्या हाताला जेवढं फिनिशिंग येतं तेवढं आलंय, त्याहून जास्त आलं असतं तर ते कोणाचं असतं? बाई म्हणाल्या, पालकांना नीटनेटकं आवडतं. मी पण पालकच होते, पण ते राहू दे.

जाऊबाईंचा मुलगा त्याच शाळेत. त्यांनी त्याचा प्रोजेक्ट स्टेशनरीच्या दुकानातून करून आणला होता, "प्रोजेक्ट बनवून मिळतील" अशी पाटी असते ना तिथून. घरी आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरीच्या हातात कसला तो कचरा दिलास, चार पैसे टाकले असतेस तर नंबर आला असता." माझी आई तिथेच बसली होती. ती काही बोलली नाही, पण मी बोलले आणि अजूनही बोलते. त्यांच्या मुलाला त्याच्या प्रोजेक्टबद्दल विचारलं तर एक वाक्य सांगता येत नव्हतं. माझी लेक आजही सांगेल की मेथी का घालायची आणि सावलीत का वाळवायचं. यातलं शिक्षण कोणतं, ते कोणीही सांगावं.

आता तुमच्या सोमवारचं. टोपली सोमवारपर्यंत होणार नाही, तिला आठवडा तरी लागतो. अंड्यांचे ट्रे घरात असतील तर ते आधीच लगद्याचे असतात, रात्रभर भिजवले की सकाळी मऊ होतात. त्यात खळ किंवा फेविकॉल कालवून मुलाला लहान लहान गोष्टी करू द्या. चपटा मासा, पान, पणती. पातळ ठेवलं आणि ऊन असलं तर दोन दिवसांत वाळतं.

याहून कमी वेळाचं हवं असेल तर काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. ही नळी तेवढी सायकलवाल्याकडून आणा, हातभर पुरते. हे अरविंद गुप्तांचं. कानपूरच्या आयआयटीतून शिकलेले इंजिनियर, १९७८ मध्ये टेल्को या टाटांच्या मोटार कंपनीतून वर्षभराची रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे त्यांनी हे केलं. नंतर पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात, मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, त्यांनी वर्षानुवर्षं मुलांसाठी कचऱ्यातून खेळणी केली. २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांची कृती फुकट आहे, मराठीतही आहे. जाऊबाईंना मी तेव्हाही हेच सांगितलं होतं, की कचऱ्यातून खेळणी केली म्हणून या माणसाला देशानं मान दिलाय, आणि तुम्ही पोरीला नावं ठेवता.

नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. एका तुकड्यात दोन्ही टोकांनी एकेक काडी खुपसली की सांधा झाला. तीन सांधे, तीन काड्या, त्रिकोण. चार सांधे, चार काड्या, चौकोन. आता मुलाला दोन्ही दाबून बघायला सांगा. चौकोन तिरका होऊन पडतो, त्रिकोण हलत नाही. मग चौकोनात आडवा कर्ण घालायला सांगा, तोही घट्ट होतो. पुलांना आणि विजेच्या मनोऱ्यांना त्रिकोण का असतात ते दुसरीतल्या मुलाला बोटांनी कळतं. सांध्याच्या मधोमध बाभळीच्या काट्यानं भोक पाडून तिसरी काडी घातली की दोन त्रिकोण जोडून घरकुल उभं राहतं. तासाभरात होतं.

काड्यांचं गूल मात्र मोठ्यांनी आधी खरवडून काढा आणि लगेच पाण्यात टाका, मुलाच्या हातात गूल असलेली काडी देऊ नका. काट्यानं भोकही तुम्हीच पाडा. लगद्यात दुकानाची आणि एटीएमची गुळगुळीत बिलं टाकू नका, त्या कागदावर रसायनाचा थर असतो. वर्तमानपत्राच्या टोपलीत खायचं उघडं ठेवू नका, छपाईची शाई पोटात जाणं चांगलं नाही. आमच्याकडे लहानपणी ठेवत होते, तरी आता मी ठेवत नाही. पावसाळा असेल तर लगद्याच्या वाटेला जाऊच नका, वाळत नाही आणि बुरशी येते. आणि पाणी बदलायला विसरलात तर घरभर वास सुटतो.

बक्षिसाचं मी सांगू शकत नाही, ते तुमच्या शाळेवर आहे. मुलानं केलेलं वाकडं असलं तरी रात्री तो झोपल्यावर सरळ करायला बसू नका.

जाऊबाई इथे वाचतात, म्हणून त्यांनाही लिहिते. ताई, धाकट्याला मे महिन्यात माझ्याकडे पाठवा. आई येणार आहे आणि रद्दी मी साठवून ठेवली आहे.