शॉक अॅब्सॉर्बर आवळायचा की कडक करायचा?

प्रश्न असा आहे: जुन्या फोर्ड मॉडेल ए गाडीच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेचं मराठी करताना 'शॉक अॅब्सॉर्बर टाइट करा' या सूचनेसाठी 'आवळा' लिहावं का? आणि 'धक्काशोषक' हा शब्द बरोबर आहे का?

आधी क्रियापद, कारण चूक तिथेच होईल. आवळतात ते नट, दोरी किंवा पट्टा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्टफर्ड कंपनीचे जे घर्षणाचे शॉक अॅब्सॉर्बर यायचे, त्यांत एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या असत आणि त्या नट फिरवून खरोखरच आवळाव्या लागत. तिथे 'आवळा' चपखल बसेल.

पण तुमची गाडी मॉडेल ए आहे, म्हणजे १९२८ ते १९३१ मधली. (आधीच्या मॉडेल टीला कारखान्यातून शॉक अॅब्सॉर्बर मिळतच नसत.) हिच्यावर हूदाय पद्धतीचे हायड्रॉलिक, म्हणजे आतल्या द्रवावर चालणारे शॉक आहेत. गोल डब्यात ग्लिसरीनचं मिश्रण भरलेलं असतं. बाहेरचा दांडा हलला की आतली पाती फिरतात आणि ते मिश्रण बारीक वाटेनं इकडून तिकडे ढकललं जातं. ती वाट लहानमोठी करायला पात्यांच्या आसाच्या मधोमध नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे सुईसारख्या टोकाची झडप असते. ती फिरवून वाट अरुंद केली की दांडा जड चालतो. यात आवळलं काहीच जात नाही. म्हणून 'शॉक कडक करा' आणि उलट 'नरम करा' असं लिहा. थंडीत ग्लिसरीन घट्ट होतं म्हणून हिवाळ्यात नरम आणि उन्हाळ्यात कडक, हे 'आवळा-सैल करा' अशा जोडीनं सांगितलं तर वाचणारा पाना घेऊन भलताच नट पिळत बसेल.

तपासणीच्या भागातही असाच एक खड्डा आहे. दांड्याला जोडलेला दुवा सोडवून दांडा हातानं वरखाली करायचा. तो सगळीकडे सारख्याच जोरानं अडला पाहिजे. थोडा मोकळा जाऊन मग अडत असेल, तर आत मिश्रण कमी आहे किंवा हवा शिरली आहे. इथे 'ढिला' लिहू नका, कारण ढिला म्हणजे बसवणीत सैल. 'मध्येच मोकळा जातो' असं सरळ लिहा.

आता नाम. 'धक्काशोषक' चुकीचा नाही, पण इंग्रजी नावातली गफलत त्यानं जशीच्या तशी उचलली आहे. खड्ड्याचा धक्का झेलतात ते पाटे, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगा. त्यानंतर गाडी जी हिंदकळत राहते, ते हेलकावे हा डबा जिरवतो आणि त्यांची ऊर्जा आतल्या मिश्रणात उष्णता होऊन जाते. शोषतो खरा, पण धक्का नव्हे. फ्रेंचांचा 'आमॉर्तिस्यर' आणि ब्रिटिशांचा 'डँपर' हे दोन्ही शब्द मंदावण्याचा अर्थ सांगतात. आपल्याकडे भौतिकशास्त्रात 'अवमंदित दोलन' आहेच, त्यावरून 'अवमंदक' सहज होतो. पण गाडीखाली आडवं पडून वाचायच्या पुस्तिकेत तो मला जड वाटतो. मी 'शॉक अॅब्सॉर्बर' ठेवीन आणि पहिल्या उल्लेखाला 'हेलकावे जिरवणारा' एवढं जोडीन.

गॅरेजमधला 'शॉकअप' वापरायचा असला तरी माझी हरकत नाही. तो पुल्लिंगी आहे: शॉकअप गेला, बसला, गळायला लागला.