लोकल बोर्ड म्हणजेच झेडपी का?

प्रश्न : आमच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर सातारा डिस्ट्रिक्ट लोकल बोर्डाचा शिक्का आहे. घरात सगळे म्हणतात, अहो तीच आताची जिल्हा परिषद, फक्त पाटी बदलली. खरंय का हे? आणि तेव्हापण असंच राजकारण चालायचं का?
– एक वाचक, कोरेगाव तालुका

उत्तर : पाटी बदलली हे अर्धंच खरं. शाळा, मास्तर, रस्ते ही बोर्डाची कामं पुढे झेडपीकडे आली हे बरोबर, पण दोन्हींच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक. राजकारणाचं विचाराल तर ते आत्ताइतकंच होतं, कदाचित जास्तच, कारण वाटायला पैसा कमी आणि मागणारे तेवढेच!

सुरुवात लोकल फंडापासून. 1863 पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घ्यायला लागले, त्यातला मोठा वाटा रस्त्यांना आणि उरलेला शाळांना. मग लॉर्ड रिपनने 1882 मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, 1884 ला मुंबईचा लोकल बोर्ड कायदा आला आणि जिल्हा बोर्ड, तालुका बोर्ड अशी दोन पातळ्यांची व्यवस्था बसली. नाव स्वराज्याचं, पण अध्यक्ष कोण तर कलेक्टर, सभासद बरेचसे सरकारने नेमलेले, इनामदार वगैरे. साहेबाने मान डोलावली की ठराव पास.

खरी मजा सुरू झाली 1923 च्या कायद्याने. बहुतेक जागा निवडणुकीने भरायच्या आणि अध्यक्ष सभासदांनीच निवडायचा असं ठरलं. त्याच वर्षीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळाही बोर्डाच्या हातात आल्या म्हणजे मास्तरांच्या नेमणुका आणि बदल्या आल्या, आता गावात मास्तर कोणाच्या बाजूचा हे किती महत्त्वाचं असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. मतदार मर्यादित होते, पण सारा भरणारा शेतकरी त्यात होता आणि हीच सत्यशोधक, ब्राह्मणेतर मंडळींची ताकद होती. साताऱ्यात तर त्यांनी बोर्ड काबीजच केलं आणि या गटाचा एक मोठा पुढारी कोण तर एक पारशी, धनजीशा कूपर! सातारारोडच्या कारखान्याचे मालक, लोकल बोर्डाचे अध्यक्ष, पुढे मंत्री. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसला सर्वात जास्त जागा मिळूनही त्या पक्षाने आधी मंत्रिमंडळ बनवायला नकार दिला, तेव्हा गव्हर्नरने कूपर यांना बोलावलं आणि ते एप्रिल ते जुलै मुंबई प्रांताचे पहिले प्रीमियर, म्हणजे आताच्या भाषेत मुख्यमंत्री झाले, नंतर बाळासाहेब खेर आले. जिल्हा बोर्डातून प्रांताच्या गादीवर, म्हणून मी म्हणतो की आपल्या ग्रामीण राजकारणाची तालीम लोकल बोर्डात झाली.

बायकांनाही ही वाट मिळाली. शरद पवारांच्या आई शारदाबाई 1938 मध्ये पुणे लोकल बोर्डावर निवडून आल्या होत्या, तेव्हा बारामतीहून पुण्याला मीटिंगला जायचं म्हणजे काय दिव्य असेल बघा.

पण फार कौतुकही नको. रावबहादूर बोले यांनी 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात ठराव मांडून पास करून घेतला की सार्वजनिक पैशातून बांधलेल्या विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. विहिरी, धर्मशाळा ही तर लोकल बोर्डांची रोजची कामं, तरी बऱ्याच ठिकाणी ठराव कागदावरच राहिला, शेवटी 1926 मध्ये बोलेंनाच पुन्हा ठराव आणावा लागला की जे ऐकणार नाहीत त्यांची ग्रँट थांबवा. 1927 चा महाडचा सत्याग्रह या पार्श्वभूमीवर झाला. बहुजनांच्या नावाने निवडून आलेल्यांनी तरी यात पुढाकार घ्यायला हवा होता असं मला वाटतं, असो.

1938 मध्ये तालुका बोर्डं बंद झाली, सरकारने नेमलेले सभासदही गेले, पण शिक्षणावरचा ताबा सरकारने हळूहळू परत घेतला. 1947 च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर लोकल बोर्डाकडे शाळांचं फारसं उरलंच नाही, आणि शाळा गेल्यावर राहिलं काय तर रस्ते आणि दवाखाने, तेही अपुऱ्या पैशात.

मग स्थानिक संस्थांची नवी रचना सुचवायला नेमलेल्या वसंतराव नाईक समितीचा 1961 चा अहवाल, त्याच वर्षीचा कायदा आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा. शेती, आरोग्य, शिक्षण, बांधकाम सगळं एका छताखाली, सरकारी पैसा आणि नोकरवर्गासकट. कलेक्टरला बाहेर ठेवलं, त्याच्याऐवजी सीईओ म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी आणला आणि आमदार-खासदारांनाही सभासद केलं नाही. म्हणजे घरच्यांना सांगा, वारस म्हणता येईल, पण तीच संस्था नव्हे.

प्रश्न : आम्ही वर्ध्याचे. आमच्याकडे लोकल बोर्डाऐवजी जुने लोक जनपद म्हणतात, ते काय?
– एक वाचक, आर्वी

उत्तर : तुम्ही मध्य प्रांत-वऱ्हाडात होता, तिथला कायदाच वेगळा. आधी 1920 च्या कायद्याची डिस्ट्रिक्ट कौन्सिल होती, 1948 मध्ये ती मोडून तहसीलनिहाय जनपद सभा केल्या. मराठवाड्यात हैदराबादची तिसरीच पद्धत. 1960 ला राज्य झालं तेव्हा हे तिन्ही प्रकार एकत्र होते, नाईक समिती नेमायचं तेही एक कारण.